शून्य कोणी पाठवायचं

ओरोसच्या वाचा-केंद्रात शिरलं की समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, दोनच शब्द दिसायचे: ‘छान केलंस.’ खाली बारीक अक्षरांत नाव होतं, भास्कर धुरी. मेंदूच्या झटक्याने वाचा गेलेला आणि यंत्राच्या मदतीने पुन्हा बोललेला हा जिल्ह्यातला पहिला माणूस, आणि हे त्याचं पहिलं वाक्य. ते त्याच्या ज्या लेकीला उद्देशून होतं, ती शर्वाणी रोज सकाळी त्या चौकटीसमोरून आपल्या टेबलाकडे जायची. वर बघायची नाही, पण चाल जराशी ताठ व्हायची.

ताठ व्हावी असंच काम होतं ते. भास्कर धुरी दशावतारी नट. कर्ली नदीच्या काठावरच्या गावांत त्यांचा राजा बघायला माणसं चार-चार गावं ओलांडून यायची. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता नट आपसांत कथा ठरवतात आणि रंगमंचावर जाऊन जे सुचेल ते बोलतात. भास्करांना फार सुचायचं. एखादं वाक्य असं लांबायचं की सुरुवातीला राजा शिकारीला निघालेला असायचा आणि शेवटाला त्याला वैराग्य आलेलं असायचं. मध्ये ते मोठाले विराम घ्यायचे. त्या विरामांत गोपाळ मेस्त्री पखवाज बोलता ठेवायचे आणि लोक श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट बघायचे.

तो माणूस एका झटक्यात गप्प झाला. डोक्यात सगळं शाबूत, पण मेंदूकडून घशाकडे, जिभेकडे, हातापायांकडे जाणारी वाटच तुटली. हलायचे ते फक्त डोळे.

वाचा-केंद्राने त्या तुटलेल्या वाटेच्या अलीकडेच थांबा टाकला होता. आपण बोलायचं ठरवलं की मेंदूच्या एका पट्ट्यातून ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सुटतात. त्या पट्ट्यावर शस्त्रक्रिया करून केसाहून पातळ तारांची, टिकलीएवढी जाळी बसवायची. हुकूम घशापर्यंत पोचले नाहीत तरी जाळीला ते ऐकू येतात. पलंगाशी ठेवलेला डबा त्या हुकुमांवरून अक्षरं जुळवतो, आणि बोलणं संपवल्याची खूणही त्याला त्यांतूनच कळते. अक्षरं ओरोसच्या मधल्या सर्व्हरकडे जातात, तिथून पुण्याच्या भाषा-सर्व्हरकडे. पुण्याचा सर्व्हर वाक्य नीट करून, माणसाच्या जुन्या आवाजात घडवून परत पाठवतो आणि उशाशी ठेवलेला स्पीकर बोलतो. म्हणायला एवढी लांबण, पण सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर होतं.

मधला सर्व्हर ही शर्वाणीची जबाबदारी होती. अशा सर्व्हरला प्रॉक्सी म्हणतात. रोग्याचं नावगाव बाहेर जाऊ नये, घरातला डबा थेट जगासमोर उघडा पडू नये, म्हणून हा मध्ये उभा राहतो आणि दोन्ही बाजूंशी दुसऱ्याच्या वतीने बोलतो. एम.एस्सी. होऊन दीडच वर्ष झालेल्या मुलीच्या हाती तीनशे घरांचं बोलणं होतं, आणि त्यातलं एक घर तिचं स्वतःचं.

आठ महिने सगळं सुरळीत चाललं. बाबा बोलत होते. हो, नाही, चालेल, बरं वाटतंय. गावातली माणसं भेटून जाताना म्हणायची, भास्कर किती निवळला, पूर्वी एका प्रश्नाला पुराण सांगायचा. शर्वाणीलाही ते पटलं होतं. मरणाच्या दारातून आलेला माणूस मोजकं बोलत असेल, त्यात नवल ते काय.

मग पेटाऱ्याचा विषय निघाला.

दशावतारी मंडळाचा पेटारा म्हणजे नुसती कपड्यांची पेटी नव्हे. त्यात मुकुट, भरजरी वस्त्रं, लाकडी तलवारी असतात आणि सगळ्यांत वर गणपती असतो. त्याची पूजा झाल्याशिवाय नट तोंडाला रंग लावत नाही. धुऱ्यांच्या मंडळाचा पेटारा भास्करांच्या आजोबांपासूनचा. भास्कर पडल्यावर मंडळाचं सगळं त्यांचा धाकटा भाऊ विश्राम बघत होता. राजा नाही म्हटल्यावर बोलावणी कमी झाली, नट दुसऱ्या मंडळांत गेले. अशात किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रिसॉर्टने विचारलं, मंडळाचं नाव आणि पेटारा आम्हाला द्या, पाहुण्यांसाठी रोज संध्याकाळी अर्ध्या तासाचा खेळ करू. विश्रामकाकांनी भावाला एकदा नव्हे, तीनदा विचारलं. तिन्ही वेळा स्पीकर शांतपणे म्हणाला, “पेटारा देऊन टाका.”

शर्वाणीची आई त्या दिवशी जेवली नाही. पण बोलली कुणालाच नाही, कारण बोलणारा स्वतः भास्कर होता. येत्या गुरुवारी दुपारी रिसॉर्टची माणसं पेटारा न्यायला येणार होती.

त्याआधीच्या रविवारी गोपाळअण्णा मेस्त्री आले. पखवाज वाजवून त्यांच्या उजव्या तळव्याला कायमचा घट्टा पडला होता. भास्करांच्या खेळांत इतकी वर्षं साथ केली, पण आजारपणात ते फारसे फिरकले नव्हते. स्पीकरमधून मित्राचा आवाज ऐकायचा म्हटलं की त्यांना कसंतरी व्हायचं. आज आले, खुर्ची ओढून पलंगाशी बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि पेटारा खरंच द्यायचा का, एवढंच विचारलं.

“पेटारा देऊन टाका,” स्पीकर म्हणाला.

शर्वाणी चहाचे कप घेऊन आली तर दोघं म्हातारे तसेच. बाबांची नजर वर आढ्याकडे, अण्णांची नजर बाबांकडे. तिला वाटलं अण्णांना वाईट वाटलंय. चहावर साय धरली तरी कुणी हललं नाही. मग बाबांची नजर आढ्यावरून हळूहळू खाली आली, अण्णांच्या हातांवर जाऊन टेकली, आणि अण्णांचा उजवा तळवा आपोआप उचलला जाऊन पलंगाच्या लोखंडी कठड्यावर पडला. एकच थाप. घणघणीत.

“होय मगे, आता काय बोलाचा,” असं पुटपुटत अण्णा उठले.

शर्वाणी त्यांच्या मागोमाग अंगणात गेली आणि तिने विचारलं, आत्ता थाप कशाला मारलीत?

“कोणी? मी?” अण्णा चपला शोधत होते. “खुळा झालंस काय गो? पखवाज घरात आसा माझो.”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. पण शर्वाणीचं लहानपण पखवाजाच्या शेजारी बसून खेळ बघण्यात गेलं होतं. बाबांचं भाषण कुठे संपणार हे कुणालाच माहीत नसायचं, बाबांनाही नाही. म्हणून दोघांत ठरलेलं होतं. बोलणं संपलं की राजा पखवाजवाल्याच्या हातांकडे बघणार, आणि मगच थाप पडणार. विराम कितीही लांबला तरी नजर वळेपर्यंत अण्णा थाप देत नसत. नुसती बोटं फिरवत बसत.

म्हणजे आज बाबांचं बोलणं नजर वळली तेव्हा संपलं. स्पीकर तर केव्हाच गप्प झाला होता.

चहाचे कप तसेच ठेवून तिने लॅपटॉप उघडला.

वेबवरून एखादा निरोप जातो तेव्हा बहुधा तो आपली लांबी आधीच सांगतो: माझ्यात इतकी अक्षरं आहेत. घेणारा मोजत राहतो आणि तितकी मिळाली की निरोप पूर्ण झाला असं समजतो. पण ज्याला आपण किती बोलणार हेच ठाऊक नाही, त्याने लांबी कशी सांगावी? त्यासाठी एक जुनी, साधी पद्धत आहे. बोलणं तुकड्यातुकड्यांनी पाठवायचं. प्रत्येक तुकड्याच्या आधी फक्त त्या तुकड्याचं माप सांगायचं: आता बारा अक्षरं येतायत, आता सात, आता नऊ. एकूण किती, हे कुणी विचारायचं नाही. आणि बोलणारा थांबला की तो शेवटचा एक तुकडा पाठवतो, ज्याचं माप शून्य असतं. शून्य आलं म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः सांगितलं, माझं झालं. शून्य न येता वाट तुटली, तर घेणाऱ्याने समजायचं की निरोप अपुरा आहे.

मधल्या प्रॉक्सीला बरीच मुभा असते. त्याने तुकडे जोडावेत, पुन्हा वेगळ्या मापाने पाडावेत, हवं तर थोडा वेळ धरून ठेवावेत. एकच गोष्ट त्याने करायची नसते, ती म्हणजे स्वतःच्या मनाने शून्य लिहिणं. शांतता आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत. पंगतीत जेवणारा घास चावतोय म्हणून वाढप्याने त्याचं पान उचलायचं नसतं.

आणि केंद्राचा प्रॉक्सी नेमकं हेच करत होता. पुण्यात आधी झालेल्या चाचण्यांत रोगी वाक्याच्या मध्येच दमायचे, झोपी जायचे. शून्य यायचं नाही आणि घरच्यांच्या पडद्यावर ‘अपूर्ण’ असं लाल अक्षरांत यायचं. घरचे घाबरून फोन करायचे, पुन्हा झटका आला की काय. म्हणून ओरोसचं केंद्र सुरू होण्याआधीच बैठकीत ठरलं: तीन सेकंद तुकडा आला नाही तर प्रॉक्सीने शून्य पाठवून वाक्य मिटवावं. त्या चार ओळी शर्वाणीनेच लिहिल्या होत्या. ओरोसला तसे फोन आलेच नाहीत. तिचं कौतुक झालं होतं. पुण्याच्या सर्व्हरला शून्य मिळालं की तो हातातलं अपुरं वाक्य पूर्ण समजून त्याला छान वळण देऊन टाकायचा. बहुतेक रोग्यांची वाक्यं ‘पाणी दे’, ‘पंखा लाव’ एवढीच असल्यामुळे कुणाला कधी खटकलं नाही.

तिने पलंगाच्या डब्याला तार जोडली, बाबांकडे वळली आणि विचारलं, “बाबा, आज जेवण कसा होता?”

“छान होतं,” स्पीकर म्हणाला.

पण पडद्यावर तुकडे येतच होते. प्रॉक्सीने आपलं शून्य केव्हाच पुढे पाठवलं होतं आणि मागून येणारं सगळं तो, हे कुठल्याच निरोपाचं नाही म्हणून, टाकून देत होता. मागच्याचं शेपूट पुढच्या निरोपाला चिकटू नये म्हणून तीही तजवीज तिचीच. तिने ते टाकलेले तुकडे एकेक करून वाचले.

बरा होता… पण… मीठ नाय घातल्यान… आवशीक… सांगू नको.

मग डब्याने बाबांचं स्वतःचं शून्य पाठवलं. त्याच क्षणी बाबांची नजर तिच्या हातांवर येऊन थांबली. शर्वाणी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. स्वयंपाकघरातून आई काय झालं म्हणून विचारत आली. शर्वाणीने काही सांगितलं नाही. आईला सांगू नको, असं बाबांनीच म्हटलं होतं.

सोमवारी ती केंद्रप्रमुख डॉ. ऊर्मिला तळवणेकरांसमोर उभी होती. तळवणेकर मॅडमनी हे केंद्र शून्यातून उभं केलं होतं. शस्त्रक्रिया त्याच करायच्या आणि रोग्यांना नावाने ओळखायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न इतका नेमका विचारला की शर्वाणीला त्यांचा अभिमानच वाटला: किती जणांचं तुटलं असेल? शर्वाणी म्हणाली, मागचं फेकलं गेलंय, सांगता येणार नाही, पण जे सावकाश बोलतात त्या सगळ्यांचं.

आठ महिन्यांत तीनशे घरांत या स्पीकरच्या शब्दावर काय काय ठरलं असेल ते दोघींनाही कळत होतं. कुणाच्या शस्त्रक्रियेला होकार, कुणाच्या घराची वाटणी, कुणाच्या मुलीचं लग्न. बाहेर भिंतीवर ती चौकट होती आणि पुढच्या महिन्यात राज्याचं पथक केंद्र बघायला येणार होतं.

“म्हणजे आपण तीनशे घरांना सांगायचं की आम्ही चुकीचं ऐकवलं,” त्या म्हणाल्या.

“चुकीचं नाही, मॅडम. ऐकायचं राहिलंय असं सांगायचं.”

मॅडमनी मग अडचणी एकामागून एक पुढे केल्या, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. शून्याची वाट बघायची तर वाक्य पूर्ण होईपर्यंत स्पीकर गप्प बसेल, घरच्यांना वाटेल यंत्र बिघडलं. त्यापेक्षा तुकडा आला की लगेच ऐकवायचा म्हटलं तर पुण्याच्या सर्व्हरला वाक्य सजवायला वाव नाही. आवाज तुटक येईल, आज जो ओघ आहे तो जाईल. शिवाय पुण्याचा सर्व्हर फार वेळ काहीच आलं नाही तर कनेक्शन स्वतःच तोडतो, त्याचं काय?

पहिल्या दोन गोष्टींना शर्वाणीकडे एकच उत्तर होतं. तुटक येऊ दे, पण त्यांचं येऊ दे. तिसऱ्यासाठी तिने तोड काढली होती. कनेक्शन जागं ठेवायला काहीतरी पाठवत राहायला हवं, पण रिकामा तुकडा पाठवता येत नाही, कारण रिकामा तुकडा म्हणजेच शून्य, म्हणजेच शेवट. म्हणून एका अक्षराचा तुकडा पाठवायचा, आणि ते अक्षर म्हणजे दोन शब्दांमधली कोरी जागा. माणूस पुढचा शब्द जुळवत असतो तेव्हाही जाळीला त्याची चाहूल लागत असते. तोवर डबा दर सेकंदाला ही कोरी जागा पाठवील. ऐकू काहीच येणार नाही. फक्त स्पीकरवरचा छोटा हिरवा दिवा लागलेला राहील.

“श्वासासारखं,” तळवणेकर मॅडम म्हणाल्या.

“हो. आणि माणूस खरंच झोपला तर चाहूल थांबेल, दिवा पिवळा होईल. वाक्य अपुरं राहिलं असं दिसेल. पूर्ण झालं असं नाही दिसणार.”

मॅडमनी तिला एका घरापुरती परवानगी दिली, तिच्या स्वतःच्या घरापुरती. घरच्यांना ते सोसवलं तर पुढच्या आठवड्यात तीनशे घरांना त्या स्वतः फोन करणार होत्या. नाही सोसवलं तर पुन्हा बसून विचार करायचा. दारापाशी पोचलेल्या शर्वाणीला त्यांनी हाक मारली आणि भिंतीवरच्या त्या दोन शब्दांपुढे काय होतं ते विचारलं. शर्वाणीला तो प्रश्न तोवर सुचलाच नव्हता. जिना उतरताना ती पहिल्यांदाच त्या चौकटीसमोर थांबली. मान वर केली आणि लगेच खाली घातली.

गुरुवारी दुपारी धुऱ्यांच्या अंगणात पेटारा आणून ठेवला. रिसॉर्टकडून दोन तरुण माणसं आली होती, सभ्य आणि जराशी घाईत. शेजारपाजारचे पाचसात जण पडवीत टेकले होते. गोपाळअण्णांना शर्वाणीने निरोप पाठवला होता, येताना पखवाज आणा म्हणून. ते घेऊन आले होते, पण कशाला ते त्यांना कळत नव्हतं. पेटाऱ्याला निरोप द्यायला वाजवायचा की काय असं कुणीतरी हळूच म्हणालं.

विश्रामकाकांना तिने सगळं आधीच समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलं, पण चेहरा उतरला होता. तीन वर्षं त्यांनी एकट्याने मंडळ ओढलं होतं आणि आता कुठे सुटकेचा रस्ता दिसला होता.

“तुझ्याच मशीनान सांगल्यान, दिवन टाका म्हणान,” ते म्हणाले. “तीनदा सांगल्यान. आता तूच म्हणतंस, ता खरा नाय?”

“ता खरा आसा, काका. पण ता संपला नव्हता.”

“आणि आज संपात कशावरना?”

“आज तो सांगात.”

चाकांच्या खुर्चीत बसवून बाबांना पडवीत आणलं. स्पीकर मांडीशी ठेवला. काकांनी घसा खाकरला आणि तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला. हिरवा दिवा लागला.

“पेटारो… दिवन टाका…”

पडवीत सगळ्यांनी एकदम वर बघितलं. शब्द तेच होते, पण आवाज पुण्याहून सजून आलेला नव्हता. कडा न घासलेला, मालवणी, भास्करांचा आवाज. पदराने तोंड झाकून आई दाराच्या चौकटीला टेकली. आठ महिने हा माणूस घरात परक्या गावचं बोलत होता आणि तिला ते कुणाला सांगता आलं नव्हतं.

रिसॉर्टच्या माणसाने पेटाऱ्याच्या कडीला हात घातला. शर्वाणीने मान हलवून त्याला थांबवलं आणि दिव्याकडे बोट केलं. दिवा चालू होता. बाबांची नजर आढ्याकडे होती.

एखाद्या अंगणात दहा-बारा माणसांनी काही न करता नुसतं थांबायचं म्हणजे फार अवघड असतं. कुणी खोकलं, कुणी घड्याळ बघितलं. काका पाय बदलत उभे होते. तीन सेकंद केव्हाच उलटून गेले. शर्वाणीला तिने लिहिलेल्या त्या चार ओळींचा पहिल्यांदाच राग न येता अर्थ कळला. माणसांना शांतता सोसत नाही, म्हणून तर त्या लिहिल्या होत्या. बाबांनी पुढचा शब्द दिला नाही आणि लोक उठून गेले, तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात पखवाजावर बोटं फिरली. अगदी हलकी. गोपाळअण्णांनी पखवाज मांडीवर कधी घेतला ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांची नजर भास्करांच्या नजरेवर होती आणि बोटं जुन्या सवयीने विराम भरून काढत होती. अंगणातली चुळबुळ थांबली. थांबलेली माणसं आता वाट बघणारी माणसं झाली.

“…असा… म्हणतले… सगळे…”

बोटं फिरत राहिली.

“…तुमी… ता ऐकू नकात… पेटारो… मागणाऱ्याक… देवचो नसता…”

काकांनी तोंड उघडलं. अण्णांनी त्यांच्याकडे न बघता नुसती मान हलवली.

“…गणपती आसा… त्यात… तो नाचणाऱ्याकडे… रवता…” मोठा विराम. दिवा हिरवा. “…इश्राम… तू दमलंस… रे… माका दिसता… एकट्यान… ओढलंस…”

विश्रामकाका मटकन पायरीवर बसले. तीन वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. भावाने कदाचित तिन्ही वेळा म्हटलं असेल आणि तिन्ही वेळा ते फेकलं गेलं असेल.

“…राजा… मी करतलंय… बसान… करतलंय… राजा… बसताच मरे… बाकड्यार…”

पडवीत कुणीतरी हसलं. दशावतारात एका साध्या बाकड्याचंच सिंहासन होतं हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. त्या जागी चाकांची खुर्ची आली तर कुणाचं काय बिघडत होतं?

“…गोपाळा…”

पखवाज थबकला. भास्करांची नजर आढ्यावरून सुटली, हळूहळू खाली उतरली आणि अण्णांच्या हातांवर येऊन थांबली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक आकडा उमटला. शून्य. ते प्रॉक्सीने लिहिलेलं नव्हतं, ज्याचं त्याने पाठवलेलं होतं. प्रॉक्सीने ते जसंच्या तसं पुढे दिलं. हिरवा दिवा विझला.

आणि थाप पडली. अंगणातल्या माडावरचे कावळे उडाले.

रिसॉर्टच्या दोघांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या आणि मग आपण कशाला आलो होतो ते आठवून थांबला. काकांनी डोळे पुसले, उठले आणि पेटाऱ्याची एक कडी धरली. दुसरी कोण धरतो असं त्यांनी विचारलं नाही. शर्वाणी पुढे झाली. दोघांनी पेटारा उचलून परत घरात, देवाजवळ नेऊन ठेवला.

पुढच्या आठवड्यात तळवणेकर मॅडमनी एकेका घरी स्वतः फोन केला. काही घरी बोलणी खावी लागली, ती त्यांनी खाल्ली. प्रॉक्सीतल्या त्या चार ओळी शर्वाणीने पुसल्या. मग जिल्ह्यात हिरवे दिवे लागले आणि घराघरांत लोक वाट बघायला शिकले. देवगडच्या एका बाई महिनोन् महिने ‘पाणी’ म्हणायच्या आणि सून पेला घेऊन धावायची. त्यांचं पूर्ण वाक्य निघालं, पाणी तापव, मला डोक्यावरून न्हायचंय. वेंगुर्ल्याचे एक निवृत्त मास्तर ‘बरं आहे’ म्हणून थांबत असत. त्यांना पुढे बरंच काही म्हणायचं होतं, आणि ते ऐकून त्यांच्या दोन्ही मुलांनी घराची वाटणी पुन्हा मांडायला घेतली. राज्याचं पथक आलं तेव्हा त्यांना तुटक आवाज ऐकवले गेले. पथकातल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, हे इतकं थांबून थांबून का? मॅडम म्हणाल्या, बोलणाऱ्याचं आहे म्हणून. ते सांगताना त्यांनी दारात उभ्या असलेल्या शर्वाणीकडे पाहिलं.

भिंतीवरची चौकट मॅडमनी उतरवून तिच्या टेबलावर ठेवली होती. पूर्ण करून आण, म्हणाल्या होत्या.

गावच्या जत्रेत मंडळाचा खेळ ठरला होता. आदल्या दुपारी पडवीत त्याची तालीम चालली होती. बाबांच्या तोंडाला रंग लागला होता. तो काकांनी लावला होता, आणि एक भुवई वर गेल्यामुळे राजा जरासा चकित दिसत होता. आवाज खोल यावा म्हणून अण्णा पखवाजाला कणीक लावत बसले होते. शर्वाणी बाबांच्या समोर बसली आणि तिने विचारलं की पहिल्या दिवशी, यंत्र सुरू झालं तेव्हा, तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात?

हिरवा दिवा लागला.

“बरा केलंस…”

ती थांबली. अण्णांनी कणकेचा हात पुसला आणि बोटं पखवाजावर ठेवली.

“…पण… माका… मधीच… तोडू नको…”

अण्णा खो खो हसले. शर्वाणीने कपाळावर हात मारला. तिची चूक बाबांनी तिला पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात दाखवून दिली होती, आणि केंद्राने त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग काचेत लावला होता.

“…पयल्याच दिवसा… सांगललंय…” बाबांच्या डोळ्यांत रंगमंचावरचं ते जुनं मिश्कील हसू होतं. “…तुका… ऐकूक… येवक नाय…”

मग ते गप्प झाले. आईने आतून हाक मारली, चहा झालाय म्हणून. शर्वाणी उठायला गेली आणि तिचं लक्ष स्पीकरकडे गेलं. दिवा हिरवा होता. बाबांची नजर अजून आढ्याकडेच होती.

ती पुन्हा खाली बसली. अण्णांची बोटं पखवाजावर हलके हलके फिरत होती.